मनाच्या दुखण्याला वेगळी कपबशी



वर्षावासात आमच्या विहारात रोज सायंकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. मेहकर तालुक्यातील आमची वस्ती लहान. शेतमजूर, गवंडी, एखाददुसरा ड्रायव्हर, पुण्याकडे कंपनीत गेलेली पोरे, अशी आमची माणसे. वाचन संपले की चहा होतो आणि चहावर गावगाड्याच्या गोष्टी होतात. अशाच एका सायंकाळी आमच्यातील एक वयस्क उपासिका सगळे उठून गेले तरी बसून राहिली. तिच्या पदराच्या गाठीत एक कागद होता. तिने तो आमच्या हाती दिला आणि म्हणाली, "भाऊ, हे काय लिवलं हाय ते वाचून सांगा. सुनबाईले समजत नाही अन् पोराले दाखवाची हिंमत होत नाही."

कागद विमा कंपनीचा होता, इंग्रजीत. मजकूर चारच ओळींचा. आपला दावा पॉलिसीच्या अपवाद क्रमांक १२ नुसार मंजूर करता येत नाही, असे त्यात म्हटले होते. अपवाद क्रमांक १२ म्हणजे दारू आणि अमली पदार्थांचे व्यसन, व त्यापासून होणारे परिणाम.

या घराची हकीकत आम्हांला ठाऊक होती. मुलगा मालाची पिकअप गाडी चालवतो. दोन वर्षांपूर्वी सुनेने बचत गटातून पैसे उचलून सगळ्या घराची आरोग्य विमा पॉलिसी काढली आणि हप्ता कधी चुकू दिला नाही. गेल्या हिवाळ्यात मुलाची झोप उडाली. लोक आपल्याविषयी कुजबुजतात, गाडीच्या मागे कोणी येते, असे त्याला वाटू लागले. झोप यावी म्हणून तो रात्री पिऊ लागला. पुढे दिवसाही पिऊ लागला. एका रात्री तो अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी तीन कोसांवर एका शेतात सापडला. घरच्यांनी आधी त्याला सैलानीला नेले. मग नात्यातल्या एका शिकलेल्या पोरीने हट्ट धरला, तेव्हा एका खासगी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञाकडे दाखल केले. एकोणीस दिवसांचे बिल चौसष्ट हजार झाले. शेळ्या गेल्या, सुनेच्या कानातले गेले. आणि आता हा कागद.

आम्ही त्या माउलीला कागदाचा अर्थ समजावून सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माह्या पोराले येड आधी लागलं का दारू आधी लागली, हे त्या कंपनीले काय करायचं हाय? दवाखान्याचं बिल तं एकच आलं ना, भाऊ?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या वेळी देता आले नाही. ते शोधता शोधता हा लेख झाला.

कायदा काय सांगतो?

प्रथम कायद्याची बाजू पाहू. कारण पुष्कळांना हा कायदा आहे हेच माहीत नाही, आणि ज्यांना माहीत व्हायला हवा त्यांना कोणी सांगत नाही.

'मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७' हा तो कायदा. त्याचे विधेयक २०१३ साली राज्यसभेत मांडले गेले. ८ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यसभेने आणि २७ मार्च २०१७ रोजी लोकसभेने ते मंजूर केले. २९ मे २०१८ पासून हा कायदा अमलात आला. त्याचे कलम २१ म्हणते की, मानसिक आजार असलेल्या माणसाला इतर रुग्णांच्या बरोबरीने वागवले पाहिजे. आणि त्याच कलमाचे चौथे उपकलम विमा कंपन्यांना बजावते की, शरीराच्या आजाराला ज्या पायावर विमा देता त्याच पायावर मनाच्या आजारालाही द्या. एवढे साधे, सरळ वाक्य आहे ते.

आता पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मानसिक आजार कशाला म्हणावे याची व्याख्या याच कायद्यात केली आहे. त्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था स्पष्टपणे घेतलेल्या आहेत. म्हणजे संसदेने व्यसनाला आजाराच्या घरात जागा दिली. बाहेरच्या ओट्यावर बसवले नाही.

मग हा अपवाद क्रमांक १२ आला कोठून? विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था म्हणजे भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण, लोक तिला इर्डा म्हणतात. या संस्थेने १६ ऑगस्ट २०१८ रोजी परिपत्रक काढून कंपन्यांना नव्या कायद्याप्रमाणे वागण्यास सांगितले. सप्टेंबर २०१९ मध्ये तिने आणखी नियम केले, की मानसिक आजार सरसकट वगळता येणार नाही. हे चांगले झाले. पण त्याच वेळी कंपन्यांना जे अपवाद ठेवण्याची मुभा दिली त्यांची एक ठरावीक यादी केली, आणि त्या यादीत बाराव्या क्रमांकावर दारू, अमली पदार्थ, कोणतेही व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरचा उपचार बसवला. म्हणजे संसदेने समोरच्या दाराने ज्याला आत घेतले, त्याला नियमाने मागच्या दाराने बाहेर काढले.

आपल्या बापजाद्यांना हॉटेलात चहा मिळत नव्हता असे नाही. चहा मिळत होता, पण कपबशी वेगळी होती. ती बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली असायची आणि पिणाऱ्याने स्वतः विसळून परत तेथेच ठेवायची. मनाच्या दुखण्याची आज विम्यात तीच गत आहे. चहा मिळेल, पण कपबशी वेगळी. आणि त्यात दारूचा वास आला, तर चहाही नाही.

कागदावरून हातात येईपर्यंत

ज्यांच्या आजारात दारूचा संबंध नाही त्यांनाही हा हक्क सुखासुखी मिळाला नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, की कायदा होऊन इतके दिवस झाले तरी कंपन्या मनाचा आजार वगळतातच कशा. न्यायालयाने केंद्र सरकारला आणि इर्डाला नोटीस काढली. त्याच वर्षी दिल्लीतील एका विमाधारक स्त्रीचा मनोविकाराच्या उपचाराचा दावा कंपनीने जुन्या अपवादाचे बोट दाखवून नाकारला. ती उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी निकाल दिला, की कायदा अमलात आल्या दिवसापासून प्रत्येक विमा कंपनीवर तो बंधनकारक आहे, आणि शरीराचा आजार व मनाचा आजार असा भेद करता येणार नाही. त्यानंतरही इर्डाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा परिपत्रक काढून सांगावे लागले, की ३१ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या पॉलिसींमध्ये मानसिक आजाराचा समावेश झालाच पाहिजे. कायदा २०१८ चा आणि ही ताकीद २०२२ ची. मधल्या चार वर्षांत किती घरांतल्या शेळ्या विकल्या गेल्या असतील, याची मोजदाद कोणी ठेवली?

आणखी एक खाच आहे. विम्याचा पैसा बहुधा माणूस दवाखान्यात दाखल झाला तरच मिळतो. मनाच्या आजाराचे तसे नसते. तो महिन्या-महिन्याच्या गोळ्यांनी, तपासणीने आणि डॉक्टरशी केलेल्या बोलण्याने बरा होतो. दाखल होण्याची पाळी येऊ नये, हाच तर चांगला उपचार. तो खर्च मात्र घरचा.

गरिबांच्या सरकारी योजनेचे काय, असे कोणी विचारील. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेच्या यादीत मनोविकारांचे उपचार आहेत आणि व्यसनातून होणाऱ्या विकारांचेही आहेत. ही गोष्ट खरोखर चांगली आहे. पण ते उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. खासगी दवाखान्यात गुडघा बदलायला कार्ड चालते, डोके ताळ्यावर आणायला चालत नाही. आणि मोठे सरकारी मनोरुग्णालय म्हटले की आमच्या भागातल्या माणसाला नागपूर गाठावे लागते. बुलडाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झाले आहे. तेथील मनोविकार विभागात रोज डॉक्टर बसतो का आणि खाटा किती, हे आता आपणच जाऊन पाहिले पाहिजे आणि विचारले पाहिजे.

लोकप्रतिनिधींच्या मनात काय आहे?

या कायद्याला संसदेत सर्वच पक्षांनी पाठिंबा दिला. मग अडले कोठे? आमच्या मते अडले ते मनात. कायद्याला हात वर करणे सोपे असते. पण कायदा केल्यावर पैसा टाकावा लागतो, नियम तपासावे लागतात, विमा कंपन्यांना खडसावावे लागते. तेथे आमदार-खासदारांच्या मनातला जुना समज आडवा येतो. तो समज असा, की वेडा तो वेडाच आणि दारुडा तो आपल्या कर्माची फळे भोगतो. त्याच्यावर जनतेचा पैसा का घालवावा? असे भाषणात कोणी बोलणार नाही. पण तरतुदींत ते दिसते.

आता दुसरी बाजू पाहा. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने दारूवरचे उत्पादन शुल्क वाढवले, आणि त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जास्तीचे येतील असे सांगितले. म्हणजे दारूचा पैसा शासनाच्या हिशेबात आहे. तो कोणाच्या घामाचा आहे ते आपल्या वस्तीला सांगायला नको. महसूल घेताना पिणारा हा ग्राहक असतो, आणि तोच आजारी पडून दवाखान्याच्या दारात आला की एकाएकी पापी ठरतो. हा कोणता न्याय?

आपल्या जिल्ह्याला याचा आणखी कडू अनुभव आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे वारसांना १ लाख रुपये मिळतात, त्यांतले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. पण चौकशीच्या कागदावर दारू किंवा आजारपण हे कारण लागले, की प्रकरण 'अपात्र' ठरते. विधवेच्या हाती काही पडत नाही. कर्जाच्या घोराने झोप उडाली, झोपेसाठी दारू घेतली, दारूने घोर वाढवला, आणि शेवटी चौकशी करणाऱ्याने त्या साखळीतली एकच कडी उचलून कागदावर लिहिली. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या शेतमजुराचे तर नावही या यादीत येत नाही. आपले बहुसंख्य लोक त्यात आहेत.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेली माणसे हेरायची आणि त्यांना डॉक्टरपर्यंत पोहोचवायचे, अशी त्याची कल्पना. ती योग्यच आहे. पण आशाताईने माणूस हेरला आणि पुढे औषधाचा व दवाखान्याचा पैसा उभा नसला, तर हेरून काय उपयोग?

परदेशात हे वळण कसे आले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत मनाच्या आजाराला आणि व्यसनाला विम्यात समान वागणूक देणारा कायदा ३ ऑक्टोबर २००८ रोजी झाला. त्याला दोन सिनेटरांची नावे आहेत, पॉल वेलस्टोन आणि पीट डोमेनिची. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन; एरवी दोघांचे पटण्यासारखे काही नव्हते. पण वेलस्टोन यांचा भाऊ मनोविकाराने आजारी होता, आणि डोमेनिची यांच्या मुलीला स्किझोफ्रेनिया होता. वेलस्टोन तर २००२ साली विमान अपघातात गेले. कायदा त्यांच्या मागे झाला. खालच्या सभागृहात तो लावून धरणारे पॅट्रिक केनेडी आणि जिम रॅमस्टॅड हे दोघे स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले, आणि तसे उघड सांगणारे. म्हणजे दुखणे ज्यांच्या उंबऱ्याच्या आत आले होते त्यांनी कायदा रेटला. आपल्याकडे आमदार-खासदारांच्या घरांत हे दुखणे नसेल काय? असणारच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. २०१९ च्या शासकीय पाहणीप्रमाणे ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. इतक्या मोठ्या संख्येतून कोणाचेही घर सुटत नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे त्याविषयी कोणी तोंड उघडत नाही.

बाबासाहेब आणि विमा

विमा ही श्रीमंतांची गोष्ट आहे, आपल्याला काय त्याचे, असे आपल्यातील काही जण म्हणतात. त्यांनी पूज्य बाबासाहेबांचे कार्य आठवावे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी १९४३ साली प्रा. आडारकर यांची नेमणूक झाली आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर बाबासाहेबांनी विमा हा सरकारच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला आपल्या कमाईच्या मानाने आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली. विमा म्हणजे दया नव्हे; कष्टकऱ्याच्या अडचणीच्या दिवसाची ती हक्काची पुंजी आहे, असा त्यामागचा विचार दिसतो.

ज्यांची पोरे कारखान्यात आहेत आणि पगारातून ई.एस.आय.ची कपात होते, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दीर्घ आजाराच्या ज्या यादीसाठी ई.एस.आय. वाढीव रजा-भत्ता देते, त्या यादीत तीव्र मनोविकारही आहे. असा कामगार मजुरीच्या ८० टक्के भत्त्यास पात्र ठरू शकतो. पण लाजेने कोणी अर्ज करत नाही. 'तब्येत बरी नाही' म्हणून पोरगा गावी येतो, नोकरी जाते, आणि हक्क कपाटात राहतो.

आमचीही चूक

आता लोकप्रतिनिधींना बोल लावून आम्ही मोकळे झालो असतो, तर हा लेख लिहिण्याचा आम्हांला अधिकार राहिला नसता. त्या पोराची दारू वाढली तेव्हा आमच्या विहाराच्या समितीने काय केले? पंचशीलाचे पाचवे शील मोडले म्हणून जयंतीच्या कमिटीतून त्याचे नाव काढले. तो कशाने पितो, रात्री झोपतो का, हे आमच्यातील एकानेही विचारले नाही. विमा कंपनीने अपवाद क्रमांक १२ लावला, तो आमच्या नंतर. आधी आम्ही लावला.

पाचवे शील आम्हांला मान्य आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. दारूने आमच्या किती घरांची राखरांगोळी केली हे आमच्या महिला मंडळाला विचारा. पण शील हे स्वतः पाळण्यासाठी आहे, दुसऱ्याला दवाखान्याच्या दारातून परत पाठवण्यासाठी नाही. मधुमेह्याने जिलेबी खाल्ली म्हणून त्याच्या पायाचे ऑपरेशन कोणी नाकारते काय? पथ्य मोडणारा रोगी हा अधिक रोगी असतो.

तथागतांनी सांगितले आहे की रोग दोन प्रकारचे, देहाचे आणि मनाचे. देहाच्या रोगावाचून कितीतरी वर्षे काढलेली माणसे सापडतील. मनाच्या रोगावाचून क्षणभर राहिलेला माणूस मात्र विरळा. पटाचाराची कथा आपण दरवर्षी ऐकतो. नवरा, दोन्ही लेकरे, आई-बाप, भाऊ असे सगळे एकामागून एक गेले आणि तिचे भान सुटले. अंगावर वस्त्र राहिले नाही. लोक वेडी म्हणून तिला हाकलू लागले. तथागतांनी तिला अडवू दिले नाही, जवळ येऊ दिले. कोणी तरी आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. आधी पांघरूण आणि मग उपदेश, हा क्रम तेथे आहे. आम्ही तो उलटा केला होता. पुढे तीच पटाचारा विनयात अग्रगण्य भिक्खुणी झाली.

सैलानीविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. चिखली-बुलडाण्याच्या मधल्या त्या दर्ग्यावर सर्व जातिधर्मांची माणसे आपले आजारी माणूस घेऊन येतात. त्यांच्या श्रद्धेची टर उडवण्याची आमची इच्छा नाही, कारण त्या श्रद्धेच्या मागे बहुतेक वेळा दवाखान्याच्या पैशाची भीती असते. पण बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने आपल्या लेकराला गंडादोरा आणि साखळदंडाच्या स्वाधीन करावे, हे शोभत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याला चालणाऱ्या एका आश्रमात आग लागली. साखळीने बांधलेली २८ माणसे पळता न आल्याने जळून मेली. २०१७ च्या कायद्याने मानसिक रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणे हा गुन्हा ठरवला आहे.

आता काय करायचे?

त्या माउलीच्या कागदाचे आम्ही काय केले ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या घरांना उपयोग होईल.

दवाखान्यातून सर्व कागद मागून घेतले. डॉक्टरांना भेटून, आजार आधी सुरू झाला की दारू, याविषयी त्यांचे मत लेखी मागितले. त्यांनी तपासणीच्या नोंदी पाहून लिहून दिले की भास आणि संशय हा मूळ आजार असून मद्यपान नंतरचे आहे. त्या आधारावर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज पाठवला आणि अर्जात कलम २१ चा उल्लेख केला. पोच जपून ठेवली. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे जाता येते. नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे लागते. तेथे फी नाही आणि वकील लागत नाही. इर्डाचा तक्रारीचा फोन १५५२५५ हा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जातीच्या माणसाला, स्त्रियांना आणि मानसिक रुग्णाला मोफत वकील मिळतो. कोणाला तातडीने बोलायचे असेल, तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी फोन आहे. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

कायद्याचे कलम १८ सुद्धा पाठ करून ठेवावे. मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क आहे; दारिद्र्यरेषेखालील माणसाला तो फुकट मिळाला पाहिजे; आणि ठरवून दिलेल्या किमान सरकारी सेवा जिल्ह्यात नसतील, तर जिल्ह्यातील दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसावा, असे त्यात आहे. हे कलम आपल्या किती आमदारांनी वाचले आहे?

ते विचारण्याची संधी येतेच. मते मागायला उमेदवार वस्तीत येतात, निळा गमछा गळ्यात घालतात, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतात. त्या वेळी सभामंडप आणि कमानीची मागणी थोडी बाजूला ठेवा. विचारा, की विम्यातला अपवाद क्रमांक १२ काढण्यासाठी तुम्ही सभागृहात प्रश्न मांडाल काय? मनाच्या आजाराच्या महिन्याच्या गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यात मिळतील काय? दारूच्या वाढीव महसुलातून व्यसनमुक्तीला किती देणार? आत्महत्येच्या चौकशीत दारू लिहून विधवेला अपात्र ठरवणे बंद कराल काय? उत्तर लिहून ठेवा आणि पाच वर्षांनी तो कागद काढा. हे प्रश्न महिला मंडळाने विचारलेले बरे; पुरुष मंडळी उमेदवाराबरोबर चहा प्यायला लवकर बसतात, हा आमचा अनुभव आहे.

त्या दाव्याचा निकाल अद्याप यायचा आहे. कंपनी काय म्हणेल ते आम्ही सांगू शकत नाही. पोरगा गोळ्या नियमाने घेतो. गाडी चालवण्याची परवानगी डॉक्टरांनी अजून दिलेली नाही, म्हणून तो सध्या विटा वाहतो आणि घरी दोन पैसे आणतो. मधे एकदा त्याचा पाय घसरलाही. तेही लपवण्यात अर्थ नाही. आईने त्याला दवाखान्यात नेले. आम्ही सोबत गेलो.

गेल्या पौर्णिमेला तो विहारात आला. मागे, दाराशी बसला. वाचन झाल्यावर चहा आला, तेव्हा त्याच्या आईने आमच्याकडे एकवार पाहिले. समितीच्या अध्यक्षांनी उठून पहिला कप त्याला नेऊन दिला आणि जयंतीच्या वर्गणीची वही त्याच्या हाती ठेवून म्हणाले, "यंदा हिशेब तू लिहायचा." त्याने वही घेतली. बोलला काही नाही.

विमा कंपनीचे नियम बदलायला वेळ लागेल, संसदेला त्याहून अधिक लागेल. आपल्या विहारातली कपबशी मात्र आपल्याच हातात आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.